शेरा

कॅमेरा क्रमांक एकोणीस, तुळशी तलावाच्या वरच्या अंगाला.
पहाटे तीन चव्वेचाळीस.
फोटोत एक कान, बाकी सगळं गवत.
मी लिहिते: सांगता येत नाही.

मुलुंडच्या या खोलीत पंखा एका अंगावर कलून फिरतो
आणि समोर जंगल जेवायला बसतं.
पंगत नाही, आग्रह नाही,
ज्याचा त्याचा काळोख.

रकाने सात.
चरणे, पाला, फळ, शिकार, मेलेलं, पाणी,
आणि सातवा, सांगता येत नाही.
माझा तोच जास्त भरतो.

पराडकर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
मान खाली आहे म्हणजे खातंय असं नाही,
वास घेत असेल.
तोंड उघडं आहे म्हणजे खातंय असं नाही,
जांभई असेल.
जबडा आणि घास एकाच फोटोत दिसला पाहिजे.
नाहीतर तो आपला अंदाज,
आणि अंदाजाला रकाना नाही.

रानडुकराचं सोपं. त्याचं थोबाड कायम कशात तरी खुपसलेलं.
उदमांजराचंही सोपं, करवंदांच्या दिवसांत.
बिबट्या जेवताना सापडत नाही,
नुसता जाता-येता दिसतो
हप्ता गोळा करणाऱ्यासारखा, घाई नसलेला.
एकदा त्याच्या तोंडातून पट्टा लोंबत होता,
लाल, घुंगरू लावलेला.
मी फोटो मोठा केला नाही.
शिकार, लिहिलं. पुढे गेले.

परवा एकोणीसमध्ये चितळाची मादी आली.
सकाळचे सहा दहा. ओळीने तीन फोटो.
पहिल्यात नुसती उभी.
दुसऱ्यात ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी बाहेर,
पांढरं, विडीसारखं तिरकं.
तिसऱ्याला मी खुर्ची पुढे ओढली.
हाड.

यंत्राने आधीच खूण करून ठेवलेली:
चरणे. ब्याण्णव टक्के.

काशिनाथ वरठा महिन्यातून दोनदा कार्डं घेऊन येतो.
कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या तोच बदलतो,
कुठल्या झाडाला कुठला कॅमेरा, ते कागदाशिवाय सांगतो.
आत ये म्हटलं तरी जिन्यातच बसतो चहाला,
म्हणून लॅपटॉप मीच बाहेर नेला.
त्याने बशी खाली ठेवली, बघितलं.
"चघळतेय. पोटात पिल्लू असंल.
अंगातला चुना कमी पडला का गवत पुरत नाय."
मग बशी उचलली.
त्याच्यासाठी ही बातमी नव्हती.

माझी आई पाटीवरची पेन्सिल खायची
माझ्या वेळी.
आणि भिंतीचा पोपडा, नखाने उचकटून,
कुणी बघत नाही ना, ते बघून.
हे मला मावशीने सांगितलं. आईने कधीच नाही.

रात्री कपाटावरची पेटी उतरवून
तिच्या डोहाळजेवणाचा फोटो काढला.
हिरवी साडी, फुलांची वाडी,
समोर ताट, त्यात काय नाही ते विचारा.
मान खाली.
डावा हात मांडीवर, उजवा ताटाच्या बाहेर,
मूठ मिटलेली.
बायका सगळ्या कॅमेऱ्याकडे बघून हसतायत.
यंत्राला विचारलं तर जेवण म्हणेल,
शंभर टक्के.

मूठ मी भिंगाने पाहिली.
मुठीत काय, ते फोटोत नाही.

सकाळी परत एकोणीस.
रकाना कुठलाच जमेना.
हाड म्हणून मेलेलं लिहावं
तर तिला कोल्ह्याच्या पंगतीला बसवल्यासारखं होतं,
चरणे लिहावं तर खोटं,
आणि सांगता येत नाही, हे तर अजिबात नाही,
कारण सांगता येतंय.

खाली शेऱ्याची जागा असते, चाळीस अक्षरांची,
कुणी वापरत नाही.
तिथे लिहिलं: हाड चघळते. पोटात पिल्लू असावं.

'असावं' मॅडम खोडायला लावतील.
त्या सोमवारी येतात.
आज शुक्रवार.